चिखलपट्टीआडचा गंज

आषाढ लागला की भंडारा जिल्ह्यातील धानाच्या बांध्यांत चिखलणी सुरू होते. ट्रॅक्टर एका बांधीतून निघतो, डांबरी रस्ता ओलांडतो आणि पलीकडच्या बांधीत उतरतो. त्याच्या चाकांना चिकटलेला गाळ तेवढा रस्त्यावर राहतो. वर्षाकाठी १३०० मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस त्या गाळाचा राडा करतो. त्यात वैनगंगेच्या वाळूच्या मालमोटारींतून गळलेली रेती मिसळते. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या बाजूला गेल्यास मँगनीजच्या खनिजाची कचही मिसळते. रोवणी आटोपेपर्यंत या रस्त्यांवरून जाणारी कोणतीही गाडी स्वच्छ परतत नाही.

तुमसर येथील एका राइस मिलवाल्या कुटुंबात अशीच एक गाडी आली. धाकटा मुलगा काही वर्षे पुण्यास नोकरी करून घरच्या व्यवसायात परतला, तो सोबत एक जुनी फोर्ड मस्टँग घेऊन. ही गाडी २०१६ साली भारतात विक्रीस आली, तेव्हापासून त्याच्या मनात होती. वडिलांना हा खर्च मान्य नव्हता. परंतु पैसे मुलाच्या स्वतःच्या कमाईचे असल्याने ते काही बोलले नाहीत. पहिल्याच पावसाळ्यात मागच्या मडगार्डच्या फुगीर भागावर खड्यांचे टवके त्यांच्या दृष्टीस पडले. मुलगा खरेदीच्या कामासाठी रायपूरला गेला असताना त्यांनी गाडी ओळखीच्या ट्रक-बॉडीच्या कारखान्यात नेली आणि चारही चाकांमागे जाड रबराच्या पट्ट्या लावून घेतल्या. ट्रकला लागते तेच रबर, आणि प्रत्येक पट्टीला पत्र्यात थेट पिळलेले तीन लोखंडी स्क्रू. मुलगा परतल्यावर ते इतकेच म्हणाले, "आता रंग जाणार नाही."

वडिलांच्या अनुभवाप्रमाणे हे योग्यच होते. त्यांच्या घरी पूर्वी प्रीमियर पद्मिनी होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात तयार झालेली ती गाडी जमिनीपासून बरीच उंच होती आणि तिचा पत्रा भक्कम होता. रबराच्या पट्ट्या वर्षानुवर्षे लोंबत राहिल्या, दर दिवाळीपूर्वी तळाला काळा लेप बसला, आणि कुठे गंज फुटलाच तर कोपऱ्यावरचा कारागीर पत्र्याचे ठिगळ जोडून देई. क्रीडामोटारीचे गणित याहून वेगळे असते, हे कळण्यास दोन पावसाळे जावे लागले.

मिलमध्ये रंगानुसार दाणे निवडणारे नवे यंत्र बसवायचे ठरले, तेव्हा मुलाने आपला वाटा उभा करण्यासाठी गाडी विकायला काढली. नागपूरहून आलेल्या परीक्षकाने रंगाची जाडी मोजणारे उपकरण सर्वत्र फिरवले आणि मग पट्ट्यांचे स्क्रू काढण्यास सांगितले. पुढच्या पट्ट्यांमागे रंगाखाली पांढरट भुकटीचे फोड आले होते. मागच्या पट्ट्यांमागे वाळलेल्या चिखलाचा थर होता. तो खरवडताच रंगाचा पोपडा नखाने सुटला आणि खालचा पत्रा तपकिरी दिसला. ठरत आलेली किंमत दीड लाखाने खाली आली. वडील तेथेच उभे होते. मुलाने त्यांच्याकडे पाहिले नाही, आणि त्यांना तेच अधिक लागले.

पट्टी संरक्षणासाठी असते आणि ते काम ती करतेही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीच्या चाकाचा पृष्ठभाग गाडीच्या सापेक्ष तेवढ्याच वेगाने फिरत असतो आणि टायरच्या खाचेतून सुटलेला खडा त्याच वेगाने मागे फेकला जातो. क्रीडामोटारीचे टायर रुंद व मऊ असतात, ते खडे अधिक उचलतात. शिवाय तिच्या मागच्या चाकांवरील पत्रा बाहेर फुगलेला असतो. पुढच्या चाकाने फेकलेला खडा नेमका तेथे बसतो. जुन्या पोर्श ९११ टर्बोमध्ये याच जागी कारखान्यातूनच काळ्या रंगाचे संरक्षक आवरण लावलेले असे. तेव्हा वडिलांच्या हेतूत दोष नव्हता.

दोष होता पट्टी आणि पत्रा यांच्यामधील जागेत. आजच्या गाडीवरील रंगाचे सर्व थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचे असतात, म्हणजे रोजमेळाच्या वहीच्या एका पानाइतके. रेतीचा मुख्य घटक गारगोटी. तिचे काठिण्य मोह मापनश्रेणीवर ७, काचेचे साडेपाचच्या आसपास आणि रंगाचे त्याहून पुष्कळ कमी. पट्टीमागे शिरलेली रेती बाहेर पडत नाही. गाडी चालते, पट्टी थरथरते आणि दोन पावसाळे हा सँडपेपर एकाच जागी घासत राहतो. रंग गेला की उरलेले काम ओलावा करतो. उघड्या पत्र्यावरचे पाणी तासाभरात वाळते. पट्टीमागे दडलेला बांधीचा गाळ मात्र आठवडाभर ओला राहतो. गंजाला याहून सोयीची जागा नाही.

स्क्रूंची कथा निराळी. पत्र्यावरील जस्ताचा व प्राइमरचा थर भोक पाडताना कापला जातो आणि भोकाच्या कडेला उघडे पोलाद राहते. गंजाचा आरंभ बहुधा येथूनच होतो. या मस्टँगचे पुढचे मडगार्ड तर पोलादाचे नव्हतेच, ते ॲल्युमिनियमचे असतात. ॲल्युमिनियममध्ये लोखंडी स्क्रू बसवून वर चिखलपाणी घातले की दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम झिजू लागते. पांढरी भुकटी ही त्याचीच खूण. मडगार्ड कशाचे आहे हे ओळखण्यास तज्ज्ञ लागत नाही. स्वयंपाकघरातील फ्रिजवरचा चुंबक मऊ फडक्यात धरून टेकवावा. चिकटला नाही तर तेथे लोखंडी स्क्रू वर्ज्य.

तिसरा धोका सर्वांत आकस्मिक. अरुंद रस्त्यावर समोरून बस आली की गाडी मागे घेऊन धुऱ्याला लावावी लागते. लांब, ताठ पट्टी मातीच्या उंचवट्याला टेकते, टायरखाली सापडते, आणि चाक फिरताच ती खाली खेचली जाते. पट्टी जाड रबराची असल्याने तुटत नाही, स्क्रू लोखंडी असल्याने तुटत नाहीत. वाकते ती मडगार्डची किनार. पुढचे मडगार्ड बहुतेक गाड्यांत बोल्टने बसवलेले असते, ते बदलता येते. मागचे मात्र मुख्य सांगाड्याला जोडलेले असते. ते कापून नवे जोडले की गाडीच्या किमतीवर कायमचा डाग लागतो.

व्यापारी घरात येथे साहजिकच विम्याची आठवण होते. गंज हा अपघात नव्हे. सर्वसाधारण झीज मोटार विम्यात येत नाही. पट्टी खेचली जाऊन किनार वाकली, तर तो दावा होऊ शकतो. परंतु रबर, नायलॉन व प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा वजा होतो; धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे, पाच वर्षांवरील गाडीस ४० टक्के आणि दहा वर्षांवरील गाडीस ५० टक्के. १५०० सीसीवरील गाडीत सक्तीचे २००० रुपये मालकाने सोसायचे असतात. सर्वांत मोठी वजावट तर कागदावर दिसतच नाही. पाच वर्षे दावा न केल्यास स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्के सवलत मिळते, आणि एका दाव्याने ती पुढील नूतनीकरणात जाते. तो हप्ता सवलतीपूर्वी ४०००० रुपये असेल, तर ८००० रुपयांच्या दाव्यापायी २०००० रुपयांवर पाणी सोडावे लागते. घसाऱ्याचे संरक्षण देणारी जोडपॉलिसी घेतली, तरी सवलतीचा हा हिशेब तसाच राहतो. त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. गाडी पेढीच्या नावावर असेल, तर दुरुस्तीवरील वस्तू व सेवा कराची वजावट मिळेल, ही आशाही धरू नये. १३ आसनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीसाठी कलम १७(५) ती सामान्यतः नाकारते. थोडक्यात, हा खर्च अखेर गल्ल्यातूनच जातो.

मग पट्टी लावूच नये काय? धानाच्या पट्ट्यात राहणाऱ्याने तसे म्हणणे शहाणपणाचे नाही. घाट आणि कच्च्या रस्त्यांवरील शर्यतींत धावणाऱ्या रॅलीच्या गाड्यांना पट्ट्या असतातच. पण त्या पॉलियुरेथेनसारख्या मऊ, लवचीक पत्र्याच्या असतात. बोटाने दुमडून सोडली की पट्टी पूर्ववत व्हावी, हीच तिची परीक्षा. ट्रकच्या रबराचा मोह सोडावा, मग ते कितीही स्वस्त मिळो.

लावण्याची रीत हाच खरा मुद्दा. प्रथम जागा धुऊन, पूर्ण वाळवून, तेथे रंगसंरक्षक पारदर्शक फिल्म चिकटवावी. ही फिल्म रंगाहून जाड, १५० ते २०० मायक्रॉनची असते. ती पट्टीच्या आकाराहून चारही बाजूंनी बोटभर मोठी कापावी. घर्षण कडेलाच अधिक होते. मग पट्टी आणि पत्रा यांत तीन-चार मिलिमीटरचे रबरी वॉशर घालून मोकळी फट ठेवावी, म्हणजे पाण्याच्या फवाऱ्याने रेती खाली निघून जाईल. काही कारागीर सिलिकॉनने फट बंद करून देतात. ते नीट बसले तर ठीक, परंतु वरून चीर राहिली आणि खालून बंद झाले, तर तेथे पाण्याची वाटीच तयार होते. अर्धवट बंद फटीपेक्षा सताड उघडी फट केव्हाही बरी.

भोके पाडण्यापूर्वी चाकाच्या कमानीत वाकून पाहावे. आतल्या प्लॅस्टिकच्या अस्तराला कारखान्याच्या क्लिपा असतात. पुष्कळदा त्याच जागा पुरतात. पत्र्यात भोक अटळच असेल, तर त्याच्या कडेला जस्तयुक्त प्राइमर, त्यावर रंग, आणि आतून मेण असलेला गंजरोधक फवारा, या क्रमाने काम करून घ्यावे आणि ते उरकेपर्यंत तेथून हलू नये. स्क्रू नायलॉनचे वापरावेत. पट्टी अडकलीच, तर नायलॉन तुटतो आणि मडगार्ड वाचते. घरातील विजेचा फ्यूज याच न्यायाने जळतो.

पट्टी बसल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून टायर घासतो का ते पाहावे, आणि हे रिकाम्या गाडीत नव्हे, भरलेल्या गाडीत. मस्टँगच्या मागच्या आसनावर मोठी माणसे बसणे कठीण. तेथे तांदळाची पोती ठेवून ही चाचणी घेता येते, आणि राइस मिलवाल्याच्या घरी पोत्यांची वाण नसते. खालची किनार जमिनीपासून चार-पाच बोटे वर राहिली, तर गतिरोधकावर घासले तरी नुकसान होत नाही, कारण मऊ पट्टी मागे दुमडते.

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पट्टीच्या मागून, वरून खाली असा पाण्याचा झोत सोडावा. समोरून मारलेला झोत रेती आत ढकलतो, हे धुणाऱ्या मुलास सांगून ठेवावे. कोजागिरीच्या सुमारास पट्ट्या काढून मागची जागा बोटाने चाचपावी. रंगाखाली मुगाएवढा फोड लागला, तर तो वरवर रंगवून घेऊ नये. आत गंज त्याच्या अनेकपट पसरलेला असतो. चकचकीत पोलाद दिसेपर्यंत घासून, इपॉक्सी प्राइमर देऊन, मगच रंग. मूग दिसतो तेव्हा हजार-दोन हजारांत भागते. पुढच्या आषाढापर्यंत थांबल्यास भागत नाही.

तुमसरची गाडी त्या खेपेस विकली गेली नाही. दीड लाखाचा तोटा सोसण्यापेक्षा मोठ्या भावाने यंत्रासाठी आपल्या वाट्यातून वर्षभराची उसनवार दिली, आणि घरच्या वहीत ती रीतसर मांडली गेली. हिवाळ्यात मागचा पत्रा घासून रंगला, पुढची दोन मडगार्ड बदलली. त्याचे बिल वडिलांनी दिले. मुलाने पैसे परत करू पाहिले, तेव्हा ते म्हणाले, "चूक ज्याच्या खात्यावर, नावे त्याच्याच." मुलाने वाद घातला नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, मृगाच्या आधी, दोघे मिळून भंडाऱ्याला गेले. या वेळी मऊ पट्ट्या, फिल्म आणि नायलॉनचे स्क्रू मुलाने नागपूरहून आणले होते. काम पुरे झाल्यावर वडिलांनी मागची एक पट्टी दोन्ही हातांनी धरून सर्व बळाने खाली ओढली. कारागीर "काकाजी, अहो काकाजी" म्हणत धावला. नायलॉनचा स्क्रू तुटून मातीत पडला होता; मडगार्ड जागचे हलले नव्हते. वडिलांनी तुटका स्क्रू उचलून पाहिला, खिशात टाकला आणि मुलास विचारले, "असे जादा किती आणले आहेस?"

"बाबा, चोवीस."

"बारा पुरले असते," असे म्हणून ते गाडीत जाऊन बसले.