विमानतळाचे नाव आणि जमिनीची आठवण

१/ 'बॉम्बे'चे अधिकृतरीत्या 'मुंबई' झाले ते १९९५ साली. तरीही या शहरात उतरणाऱ्या प्रवाशाच्या सामानावरील चिठ्ठीत आजही 'बीओएम' हीच अक्षरे असतात. विमानतळांना नावे कशी मिळतात, ती का बदलतात आणि त्या बदलात काय पुसले जाते, याचा हा मागोवा.

२/ आरंभी बहुतेक विमानतळ जमिनीच्या नावाने ओळखले जात. जुहू, सांताक्रूझ, सहार, पालम, दमदम, सोनेगाव, दाभोळी. धावपट्टी ज्या गावाच्या शिवारात, त्या गावाचे नाव. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईत उतरले, ते जुहूलाच.

३/ पुढे विमानतळ हे राष्ट्राचे महाद्वार मानले गेले आणि महाद्वारावर महापुरुषाचे नाव आले. पालमला १९८६ मध्ये इंदिरा गांधी यांचे, दमदमला १९९५ मध्ये नेताजींचे, मुंबईला १९९९ मध्ये छत्रपती शिवाजींचे. २०१८ मध्ये त्यात 'महाराज' ही उपाधी जोडली गेली.

४/ ही रीत केवळ भारतीय नव्हे. नोव्हेंबर १९६३ मध्ये केनेडी यांची हत्या झाली आणि डिसेंबरमध्येच न्यूयॉर्कचा 'आयडलवाइल्ड' त्यांच्या नावाचा झाला. तेथे संकेताक्षरेही बदलली. शिकागोच्या ओ'हेअर विमानतळाच्या 'ओआरडी' या अक्षरांत मात्र जुने 'ऑर्चर्ड फील्ड' अजून जिवंत आहे.

५/ भारतात राज्याच्या विधिमंडळाचा ठराव केंद्राकडे जातो आणि अखेरचा शब्द केंद्रीय मंत्रिमंडळाचा असतो. म्हणजेच नामकरण हा राजकीय निर्णय आहे. त्यात स्थानिकांचा आवाज कुठे, हा खरा प्रश्न.

६/ तो आवाज नवी मुंबईत उठला. २०२१ मध्ये सिडकोने नव्या विमानतळासाठी बाळासाहेब ठाकरे यांचे नाव सुचवले. आगरी-कोळी भूमिपुत्रांनी दि. बा. पाटील यांच्या नावाचा आग्रह धरला. १० जूनला मानवी साखळी झाली. २४ जूनला, दिबांच्या स्मृतिदिनी, हजारो लोक सिडकोवर धडकले. २०२२ मध्ये विधिमंडळाने दिबांच्या नावाचा ठराव संमत केला.

७/ हा आग्रह समजण्यासाठी १९८४ पाहावे लागते. नवी मुंबईसाठी गेलेल्या जमिनींना न्याय्य मोबदला मिळावा म्हणून जासईचे सुपुत्र दिबा यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. जानेवारी महिन्यातील गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्याच लढ्याचे फळ.

८/ म्हणून दिबांच्या नावाची मागणी अन्य नामकरणांहून वेगळी ठरते. एरवी नाव राजधानीतून येते आणि जमिनीवर ठेवले जाते. येथे ते जमिनीतून वर आले. ज्यांच्या शेतांवर शहर वसले, त्यांनी त्या शहराच्या दारावर आपली सही मागितली. तिला निव्वळ अस्मितेचे राजकारण म्हणणे हे इतिहासाकडे पाठ फिरवणे होय.

९/ तरीही केवळ एका नावाने ऋण फिटत नाही. या विमानतळासाठी दहा गावे उठली, उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला. उलवे, कोपर, कोल्ही, चिंचपाडा, तरघर, ओवळे ही नावे विमानतळाच्या आवारात कुठे वाचायला मिळणार? नेत्याचे नाव लागले आणि गावांची पुसली गेली, तर सहारचीच कथा पुन्हा घडेल.

१०/ उपाय अवघड नाही. मुख्य नाव व्यक्तीचे असो. प्रवेशद्वारे, अंतर्गत रस्ते आणि प्रतीक्षादालने यांना विस्थापित गावांची नावे द्यावीत आणि कोणते गाव कोठे होते, हे दाखवणारा नकाशा दर्शनी भागात लावावा. सत्ता बदलली की पाट्या बदलू शकतात. पण धावपट्टीखाली कोणाचे शेत होते, ही गोष्ट बदलत नाही. ती फक्त विसरली जाते.