दर निवडणूक म्हणजे जनमत कौल?

मध्यंतरी एका लग्नाच्या निमित्ताने बेळगावला जाणे झाले. आपण गोयकार जातो तसेच, चोर्ल्याच्या घाटातून, वाटेत कणकुंबीला चहा घेऊन. बेळगावात शहापूरला माझी मावशी दिलेली. आता वय ऐंशीच्या घरात. काका महाराष्ट्र एकीकरण समितीचे जुने कार्यकर्ते, १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात तुरुंगात जाऊन आलेले. ते गेले त्याला बरीच वर्षे झाली. पण शिवाजी महाराजांच्या तसबिरीखाली गुंडाळून ठेवलेला भगवा अजून तिथेच आहे. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीला नातू तो घेऊन जातो.

जेवणे आटोपल्यावर मावशीने एक किस्सा सांगितला. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीत समितीची मुले प्रचाराला घरी आली. तिने त्यांना पाणी दिले, मत तुम्हालाच म्हणून सांगितले आणि मग कपाटातून जमिनीचा उतारा काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला. "मत काय तुमचंच आहे की रे. पण हे एवढं वाचून दाखवा बघू." उतारा कन्नडमध्ये. त्यातल्या एकाला वाचता येत होते. त्याने वाचला, आणि काकांच्या मागे वारस म्हणून तिचे नाव अजून लागलेलेच नाही, हे मावशीला त्या दिवशी कळले. "इतकी वर्षं मी तो कागद पूजेतल्या पोथीसारखा जपून ठेवला होता," ती म्हणाली आणि हसली.

मला काही हसू आले नाही. परतताना घाटभर एकच विचार डोक्यात होता. आमदारकीला उभा राहणारा मराठी माणूस सीमाभागातल्या मराठी माणसाला नेमके काय देऊ करतो?

समितीचे उत्तर १९५६ पासून एकच आहे. बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवारसह मराठी मुलूख महाराष्ट्रात गेला पाहिजे. हे उत्तर चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. विलीनीकरणवादी घरात वाढलेल्या माझ्यासारख्याच्या तोंडी ते शोभणारही नाही. १७ जानेवारी १९५६ ला बेळगावात गोळीबार झाला, माणसे मेली. त्यांच्या स्मरणाला दरवर्षी लोक जमतात, ते काही कुणी भाड्याने आणलेले नसतात. सेनापती बापटांनी उपोषण केले, त्यानंतर १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला. १९६७ च्या अहवालात आयोगाने निपाणी, खानापूरसह २६४ गावे महाराष्ट्राला देऊ केली आणि बेळगाव शहर मात्र कर्नाटकाकडेच ठेवले. महाराष्ट्राने अहवाल नाकारला. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, तो दावा अजून निकालाविना आहे. तेव्हा जन्मलेली मुले आता मतदार झाली.

आता जरा आपल्याकडे वळू. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. फूल की दोन पाने. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. आमच्या घरात त्या दिवशी चूल पेटली नाही असे वडील सांगत. पण पुढे काय झाले ते पाहा. दोनच महिन्यांत विधानसभेची निवडणूक झाली आणि ज्या मगो पक्षाचे विलीनीकरण हरले, तोच पक्ष पुन्हा निवडून आला, भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. असे कसे झाले? कारण मतदाराला दोन प्रश्न दोन वेगळ्या दिवशी विचारले गेले. कुठल्या राज्यात जायचे हा एक. आणि गावात शाळा कोण काढणार, कुळाला जमीन कोण देणार हा दुसरा. पहिल्यात हरलेल्या भाऊसाहेबांना दुसऱ्यात लोकांनी डोक्यावर घेतले. वाड्यावाड्यावर ज्या मराठी शाळा उघडल्या गेल्या, त्यांतून शिकलेली पिढी आज हा लेख वाचते आहे. (त्या शाळा आता पटसंख्येअभावी बंद पडताहेत, तो वेगळा विषय. कधीतरी लिहीन.)

सीमाभागाला असा जनमत कौल कधी मिळालाच नाही. म्हणून तिथे प्रत्येक विधानसभा निवडणूक हाच जनमत कौल होऊन बसला. माझ्या मते सीमाभागाच्या राजकारणाचे सारे दुखणे इथे आहे. मराठी मतदाराने समितीला मत दिले म्हणजे तो महाराष्ट्रात जाऊ इच्छितो, नाही दिले म्हणजे तो कर्नाटकात सुखी आहे. मधला रस्ताच नाही. उतारा वाचता न येणाऱ्या म्हातारीने, पोराच्या मराठी शाळेला शिक्षक नाही म्हणून चिडलेल्या बापाने, रस्त्यासाठी शेत जाणाऱ्या शेतकऱ्याने आपले म्हणणे मतपेटीत टाकायचे कसे?

आणि हा जनमत कौल आता उलटू लागला आहे. २००८ मध्ये समितीला एकही जागा मिळाली नाही. २०१३ मध्ये बेळगाव दक्षिण आणि खानापूर अशा दोन आल्या. २०१८ आणि २०२३ मध्ये पुन्हा शून्य. २०२१ च्या महापालिका निवडणुकीत ५८ पैकी ३५ जागा भाजपला गेल्या, त्याही त्या महापालिकेत जिने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला म्हणून २००५ साली महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला बंगळुरात काळे फासण्यात आले होते. कर्नाटकातले पुढारी हे आकडे दाखवून म्हणतात, झाला ना निकाल? पण त्याच २०२१ सालच्या लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या उमेदवाराला एक लाखावर मते पडली होती. म्हणजे भावना मेलेली नाही. माणसे फक्त बंगळूरला पाठवायचा आमदार वेगळ्या हिशेबाने निवडू लागली आहेत. समितीतली फाटाफूट हेही कारण आहेच, त्यावर बेळगावकर माझ्यापेक्षा तिखट बोलतात.

निपाणीची गोष्ट मला नेहमी आठवते. १९८१ साली शरद जोशी आणि प्रा. सुभाष जोशी यांनी तंबाखूच्या भावासाठी तिथे हजारो शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर बसवले. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, १२ शेतकरी मेले. त्याच काळात तंबाखूच्या वखारींत दिवसभर धुळीत बसणाऱ्या बायकांची संघटना उभी राहिली. दीपा धनराज यांच्या युगांतर गटाने त्यांच्यावर केलेला माहितीपट मिळाला तर जरूर पाहा. कामगार बायका कॅमेऱ्यासमोर किती मोकळेपणी बोलतात! ही सगळी मराठी माणसे. पण भांडण भावाचे होते, मजुरीचे होते. सुभाष जोशी पुढे निपाणीचे आमदारही झाले. मराठी माणसाचे राजकारण सीमाप्रश्नाला बगल न देता पोटापाण्याचेही असू शकते, हे निपाणीने चाळीस वर्षांपूर्वीच दाखवले होते.

मग २०२८ साली बेळगाव, खानापूर किंवा निपाणीत जो कोणी मराठी उमेदवार मते मागायला येईल, त्याने काय बोलावे? सीमाप्रश्न त्याने सोडू नये. पण तो दावा दिल्लीच्या न्यायालयात आहे, आणि २२४ जणांच्या सभागृहात एकदोन आमदार तो जिंकूनही देऊ शकत नाहीत, हरवूही शकत नाहीत. बंगळुरात बसून जे करता येते ते आधी सांगावे. गंमत पाहा, ज्या १ नोव्हेंबर १९५६ ला हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला, त्याच दिवशी सातवी घटनादुरुस्ती अमलात आली आणि तिने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली. कलम ३५० अ. काळ्या दिनाच्या फेरीत हे कलमही फलकावर हवे. स्थानिक संस्थांनी १५ टक्क्यांवर अल्पसंख्याक असतील तिथे त्यांच्या भाषेतही सूचना, कागद द्यावेत, अशी तरतूद कर्नाटकाच्याच १९८१ च्या कायद्यात आहे. समितीने यासाठी मोर्चे काढले, निवेदने दिली, हे मान्य. पण सभागृहात उठून प्रश्न विचारायला, कुठल्या तालुक्यात किती मराठी शाळांत किती शिक्षक कमी आहेत याचा हिशेब मागायला आमदार लागतो. मोर्चाला उत्तर द्यायला सरकार बांधील नसते.

खानापूरच्या उमेदवाराला तर मी आणखी एक विचारीन, आणि हे विचारण्यात आपला गोव्याचा स्वार्थ आहे, लपवत नाही. म्हादई खानापूर तालुक्यात उगम पावते. कणकुंबीला कळसा नाल्याचे पाणी मलप्रभेत वळवण्यासाठी केलेले खोदकाम आपण चोर्ल्याने जाताना पाहतोच. भाजप आणि काँग्रेस, दोघांचीही जीभ पणजीत एक आणि बंगळुरात दुसरी. हायकमांडची भीती नसलेला कुणी असेल तर तो समितीचा माणूस. ज्यांच्या जंगलातून पाणी जाणार त्या गावांच्या वतीने तो काय बोलणार? तेच बेळगावच्या सुपीक शेतातून जाणाऱ्या हलगा-मच्छे बायपासचे. ती शेती गेली तर आपल्या म्हापशाच्या, मडगावच्या बाजारात बेळगावची भाजी कुठून येणार, हेही आपण कधीतरी मनात आणावे.

हे मी मावशीच्या मुलाजवळ बोललो. तो माझा मावसभाऊ, पण वयाने मोठा, मी त्याला दादा म्हणतो. दादा चिडला. म्हणाला, "तुम्हा गोवेकरांचं बरं आहे. तुम्हाला एकदा तरी विचारलं. आम्ही शाळा आणि उतारे मागायला लागलो की उद्या कोर्टात सांगतील, बघा, हे इथेच राहायला तयार झाले." त्याच्या बोलण्यात तथ्य आहे आणि त्याला माझ्याकडे पुरते उत्तर नव्हते. एवढेच म्हणालो, की घटनेने दिलेला हक्क मागितला म्हणून दावा सुटत नाही. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये ८६५ गावांतल्या मराठी माणसांसाठी आरोग्य योजना लागू केली, निकालाची वाट पाहत बसला नाही. दादाने मान हलवली, पण पटल्यासारखी नव्हे.

मावशी मात्र मधेच म्हणाली, "मी समितीलाच मत देणार. पण पुढच्या वेळी तो उतारा वाचायला येणारा मुलगाच उभा करा म्हणावं."

वारसाचा अर्ज दादाने भरला आहे. कन्नडमधला तो अर्ज लिहायला त्या प्रचारातल्या मुलालाच पुन्हा बोलावले होते.