उणिवांकडे पाठ का फिरवायची?




‘बलस्थानांवर मेहनत घ्या, उणिवांच्या नादी लागू नका,’ हा गेल्या अंकातील पत्रातला सल्ला अर्धाच खरा आहे.

बेंगळुरूत वाढलेल्या मराठी घरातल्या राहुल द्रविडचेच पाहा. १९९६ साली लॉर्ड्सवर कसोटी पदार्पणात त्याने ९५ धावा केल्या. तंत्र भक्कम होते, पण एकदिवसीय सामन्यांत धावांची गती कमी पडत असे. १९९८ मध्ये तो एकदिवसीय संघाबाहेर गेला. कसोटीपुरतेच समाधान मानणे त्याला सोपे होते. तो आपल्या उणिवेला भिडला आणि १९९९च्या विश्वचषकात ४६१ धावांसह सर्वाधिक धावा करणारा फलंदाज ठरला. पुढे २००३ साली हैदराबादेत न्यूझीलंडविरुद्ध त्याने २२ चेंडूंत अर्धशतक झळकावले!

प्रत्येक उणीव भरून काढायलाच हवी असेही नाही. जानेवारी २००४ मध्ये सिडनीत सचिन तेंडुलकरने दगा देणारा कव्हर ड्राइव्ह जवळजवळ बंद ठेवला आणि नाबाद २४१ धावा काढल्या. मात्र कमजोरी ओळखल्याशिवाय असा संयम येत नाही.

हे क्रिकेटपुरतेच नाही. बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या स्टार्टअपांत उत्तम कोड लिहिणारे मराठी तरुण ग्राहकासमोर बोलायची वेळ आली की मागे सरतात. वर्षानुवर्षे इथे राहूनही अनेकांना कन्नड येत नाही. त्यांना ‘जमते तेच करा’ म्हणणे म्हणजे त्यांचे नुकसान करणे आहे. बैठकीत एक मुद्दा स्वतः मांडणे, भाजीवाल्याशी कन्नडमध्ये बोलणे, एवढ्याने सुरुवात होऊ शकते.

– एक वाचक, एचएसआर लेआउट, बेंगळुरू