दार चकाकतं, रंगारी खोकतो

सध्या आमच्या नात्यागोत्यात तीन घरांचं रंगकाम चालू आहे आणि तिन्हीकडून एकच वाक्य ऐकू येतंय, "या वेळी दारांना पीयू मारतोय!" पीयू म्हणजे काय असं विचारलं की उत्तर येतं, "अगं, काचेसारखं होतं." बास. पुढे चर्चा थेट शेडकार्डवर. तेव्हा आज जरा भांडायचं ठरवलंय. मंडळींनी रागावू नये (आणि रागावलात तरी फराळाला मी येणारच आहे).

माझं म्हणणं साधं आहे. माणसं राहत असलेल्या घरात, दारं बिजागऱ्यांवर तशीच लटकत ठेवून, दोन डब्यांचा पीयू गनने फवारू नये. कितीही चकाकला तरी.

आता, रंगाशी माझं भांडण नाही. पॉलियुरेथेन उत्तमच असतो. एका डब्यात रंग, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही एकत्र केले की आपसात क्रिया होऊन इतका कडक थर बनतो की तेलकट हात, ओलं फडकं, रोजचं घासणं-पुसणं, कशालाच दाद देत नाही. पण ती सगळी ताकद ज्या हार्डनरमधून येते त्यात आयसोसायनेट असतात. व्यवसायामुळे होणाऱ्या दम्याच्या मोठ्या कारणांपैकी हे एक आहे, आणि याची खोड अशी की शरीर एकदा त्याला बिचकलं की पुढे अगदी किंचित मात्रेनेही धाप लागू शकते. ज्याला हे झालं त्याला बहुधा तो धंदाच सोडावा लागतो. बरं, वास आला की दूर व्हावं म्हणाल, तर तेही नाही. नाकाला वास कळेपर्यंत हवेतलं प्रमाण सुरक्षित पातळीच्या वर गेलेलं असतं. आपल्याला येतो तो वास मुख्यतः थिनरचा. तो उडून गेला की आपण म्हणतो, "चला, वास गेला."

आणि हे फवारणाऱ्याच्या तोंडावर काय असतं? रुमाल! फार तर करोनात उरलेला कापडी मास्क. त्याने लांबी घासतानाची जाडी धूळ थोडीफार अडेल, वाफ अजिबात अडत नाही. या कामाला बाहेरून नळीने शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो आणि हवा ओढून घेणारी बंद खोली लागते. युरोपीय संघात २४ ऑगस्ट २०२३ पासून, डायआयसोसायनेटचं प्रमाण ०.१ टक्क्याच्या वर असलेला माल धंद्यासाठी वापरायचा तर आधी प्रशिक्षण घेणं सक्तीचं आहे. आपल्याकडे मात्र रंगारी दुसऱ्या बेडरूममध्ये फवारतोय, आजी हॉलमध्ये मालिका बघतायत आणि मधल्या दाराला एक जुनी चादर लावली आहे!

यावर ठरलेलं उत्तर, "ते वर्षानुवर्षं हेच करतात, त्यांना काही होत नाही." ज्यांना झालं ते आता आपल्या दारात कामाला येत नाहीत हो! ते गावी गेलेले असतात किंवा कुठेतरी वॉचमन असतात. आपल्याला दिसतात ते टिकलेले. त्यांच्यावरून हिशेब कसा मांडायचा?

दुसरं उत्तर, "गनशिवाय फिनिश येत नाही." दाराच्या सपाट पानाबद्दल हे मी अर्धं मान्य करते. चौकट आणि मोल्डिंगच्या पट्ट्यांबद्दल मुळीच नाही. साध्या जास्त दाबाच्या गनने निम्म्याहून अधिक रंग पानावरसुद्धा न बसता हवेत जातो. मग तीन-चार इंचांच्या चौकटीवर काय होत असेल? पैसे आपले, रंग हवेत, आणि फवारा बसतो पंख्याच्या पात्यांवर. चौकटीला चांगला ब्रश घ्यावा आणि पातळ दोन हात द्यावेत, मधे घासून. ब्रशच्या रेषा दिसतात त्या बहुतेक वेळा रंग घट्ट आणि हात घाईचा म्हणून.

मग करायचं काय? पीयूच हवा असेल तर दारं उतरवा, नंबर टाका (चौकटीवरही तोच नंबर, नाहीतर परत बसवताना गंमत होते) आणि खरी स्प्रे-बूथ असलेल्या वर्कशॉपमध्ये पाठवा. आडव्या ठेवलेल्या पानावर रंग ओघळत नाही आणि धूळही कमी बसते, म्हणजे काम उलट चांगलंच होतं. किंवा नवीन दार घेत असाल तर रंगवूनच मागवा. ते जमत नसेल तर घरच्या घरी पाण्यात मिसळणारा इनॅमल ब्रश आणि बारीक रोलरने लावा. पीयूइतका कडक नाही, कबूल. पण बेडरूमचं दार म्हणजे काही जहाजाचा डेक नव्हे.

जुन्या ऑइलपेंटवाल्यांसाठी दोन शब्द. तो मजबूत असतो, पण पांढरा असेल तर पिवळा पडतो, आणि अंधारात जास्त. म्हणून पडद्यामागची पट्टी आणि कपाटाची आतली बाजू आधी पिवळी दिसते. शिवाय तो नुसता वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतो. म्हणून "आज एकच जाड हात देऊन टाक" म्हटलं की वर सुरकुत्या आणि आत ओलं. स्पिरिट पॉलिश मला आवडतं, पण ते दिवाणखान्यात. बाथरूमच्या दाराला नको, पाण्याने पांढरे डाग पडतात.

आणि टिकाऊपणाबद्दल एवढं बोलतोच आहोत तर विचारते, तुमच्या दाराची वरची आणि खालची कड रंगवली आहे का? जाऊन वर हात फिरवून बघा. दहापैकी नऊ ठिकाणी लाकूड कोरं असणार अशी माझी पैज. पावसाळ्यात दार फुगतं, घासायला लागतं, सुतार येऊन रंधा मारतो, रंधलेली कड पुन्हा कोरीच राहते, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. समोरून आरशासारखा पीयू आणि खालून ओल पिणारी फ्लश डोअरची कड! कड रंगवायला दार उतरवावं लागतं, आणि कंत्राटदाराला नेमकं तेच नको असतं. दिवाळीच्या आठ दिवस आधी आपणच त्याला बोलावतो, मग तोही काय करणार म्हणा.

जुनी दारं घासताना आणखी एक. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या वर नको हा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये किती असेल ते डोळ्याला कळत नाही. म्हणून जुनं दार कोरडं घासू नका. वॉटरपेपर घ्या, पाणी लावून घासा, चिखल फडक्याने टिपा आणि ते फडकं टाकून द्या. घरात रांगणारं मूल असेल तर त्याला आठवडाभर आजोळी पाठवा.

खर्चाचं विचाराल तर दारं उतरवणं, नेणं-आणणं यात पैसे वाढतात, खोटं कशाला सांगू. आणि मधले काही दिवस बेडरूमला पडदा लावून राहावं लागतं. पण तीन घरांपैकी ज्यांचं काम अजून सुरू व्हायचंय (कोण ते त्यांना माहीत आहे!), त्यांनी कंत्राटदाराला उद्याच विचारावं की फवारणार कुठे आणि फवारणारा तोंडाला काय लावणार. उत्तर "काही होत नाही ताई" असं आलं तर मला फोन करा.

आणि हो, पाण्याचा इनॅमल लावलात तर तो तासा-दोन तासांत हाताला कोरडा लागेल, पण पक्का कडक व्हायला तीन-चार आठवडे जातात. तोवर दार चौकटीत घट्ट दाबून बंद ठेवू नका, चिकटतं. तोरण चिकटपट्टीने तर अजिबात लावू नका.