उताणा पडलाय? हात लावू नका!

टॅरँटुला पाळलाय? भारीच! पण हा गडी ना भुंकतो, ना कण्हतो. मग आजारी पडला, तर कळणार कसं? पाय बघा.

सकाळी ऑफिसला निघताना तो आठही पाय वर करून उताणा दिसला, तर टेन्शन नॉट! स्वारी बहुधा कात टाकतेय. त्याआधी अनेक दिवस खाणं सोडणंही नॉर्मल. अशा वेळी त्याला हलवायचं नाही आणि आत जिवंत रातकिडा ठेवायचा नाही. नव्या मऊ अंगाला तो चावतो. सुळे पुन्हा काळे, कडक झाले की मगच जेवण!

खरा धोका वेगळाच. तो पोटावर बसलाय, पण पाय अंगाखाली मुठीसारखे आवळलेत? कोळ्याचे पाय शरीरातल्या द्रवाच्या दाबाने ताणले जातात. पाणी कमी पडलं की दाब उतरतो. लगेच उथळ बशीत पाणी घ्या आणि त्याचं तोंड पाण्याशी टेकवा. पोट मात्र बुडू देऊ नका, श्वास तिथूनच चालतो. फरक पडला नाही, तर असे प्राणी बघणारा व्हेट गाठा.

थोडक्यात काय, उताणा असेल तर थांबा, आवळलेला असेल तर धावा!