आवाज वाढव गं!

बाबा गेले त्याच्या चौदाव्या दिवशी मी ऑफिसला गेले. 'टेक केअर', 'बी स्ट्राँग'... सगळे प्रेमानेच म्हणत होते. मीही स्ट्राँगच होते हो! डेडलाईन पाळत होते, डबा संपवत होते. फक्त एक गाणं चुकवत होते.

'महाश्वेता'चं शीर्षकगीत. ग्रेस यांची कविता, हृदयनाथांची चाल, लताबाईंचा आवाज. माझ्या लहानपणी दूरदर्शनवर ही मालिका लागायची, तेव्हा बाबा फक्त गाण्यापुरते टीव्हीसमोर बसायचे. गाणं संपलं की उठायचे. पुढे मालिकेत काय घडतंय याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसायचं!

परवा लोकलमध्ये मोबाईलवर नेमकं तेच लागलं. बंद करायला बोट उचललं आणि तसंच राहिलं. घाटकोपर ते ठाणे, तेच गाणं पुन्हा पुन्हा लावून मी चक्क रडले. शेजारच्या काकूंनी काही न विचारता खिडकीची जागा दिली.

आनंदी गाणी म्हणतात, सावर. हे गाणं काहीच म्हणत नाही, नुसतं शेजारी बसतं. २०१४ साली 'प्लॉस वन' या नियतकालिकात एक सर्वेक्षण आलं होतं. उदास संगीत ऐकताना काय वाटतं, असं ७७२ जणांना विचारलं होतं. सगळ्यात जास्त वेळा आलेलं उत्तर 'दुःख' नव्हतं. होती जुन्या आठवणींची ओढ.

घरी पोचल्यावर घाबरत घाबरत आईसमोर तेच लावलं. ती एवढंच म्हणाली, "आवाज वाढव गं."

गाणं संपलं. दोघींपैकी कुणीच उठलं नाही.