चाकणचा किल्ला अंगणात कधी येणार?

सहामाही परीक्षा संपते, वसुबारस तोंडावर येते आणि निगडी-आकुर्डीपासून भोसरीपर्यंतच्या गृहसंकुलांत वाहनतळाचा एखादा कोपरा मुलांच्या ताब्यात जातो. विटांचे तुकडे, भिजवलेले गोणपाट, बादलीभर माती आणि आईच्या डब्यातून मागून आणलेले अळीव एवढ्या भांडवलावर दोन-तीन दिवसांत तेथे डोंगर उभा राहतो. शिखरावर सिंहासनाधिष्ठित शिवछत्रपती, पायऱ्यांवर मावळे, पायथ्याशी विहीर आणि हिरवेगार शेत. युद्धभूमीची लघुप्रतिकृती स्वतःच्या हातांनी घडविण्याची ही प्रथा मराठी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. कोणी शासकीय आदेश काढला नव्हता, कोणी अभ्यासक्रमात तिचा समावेश केला नव्हता. तरीही ती टिकली, हे समाजाच्या आंतरिक शक्तीचेच लक्षण मानले पाहिजे.

या प्रथेसंबंधी दरवर्षी एक तक्रार ऐकू येते. बाजारात प्लास्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्ले मिळू लागले आणि मुलांचे हात मातीपासून दूर गेले, अशी ती तक्रार. ती रास्तच आहे. परंतु तिच्या आड त्याहून गंभीर प्रश्न दडून राहतो. जो किल्ला मुलांनी खरोखर हाताने केला, तो कोणता किल्ला असतो? पाटीवर यंदा ‘रायगड’ लिहिलेले असते, गेल्या वर्षी त्याच ढिगाऱ्यावर ‘प्रतापगड’ लिहिले होते. रायगडाचा टकमक कोठे, प्रतापगडाचा बालेकिल्ला कोणत्या अंगाला, याचा विचार बहुधा कोणी केलेला नसतो. डोंगर एकच, नावे बदलत जातात.

दाराशी असलेला दुर्ग

पिंपरी-चिंचवडच्या मुलांना खराखुरा किल्ला पाहण्यासाठी सह्याद्री चढण्याचीही गरज नाही. ज्या चाकणच्या कारखान्यांत त्यांचे वडील रोज पाळीवर जातात, त्याच चाकण गावात संग्रामदुर्ग आहे. हा भुईकोट. जुन्या वर्णनांप्रमाणे चौकोनी आवार, चार कोपऱ्यांवर बुरूज, उंच तटबंदी, तटाबाहेर सुमारे ३० फूट खोल आणि १५ फूट रुंद खंदक, आणि आत शिरण्यास पूर्वेकडून एकामागे एक पाच-सहा दरवाजांची वाट. आज तटबंदीचा काही भाग, बुरूज आणि खंदकाच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. भोवती वाढत्या गावाची घरे आहेत आणि पलीकडे अवजड वाहनांची अखंड रांग.

इ. स. १६६० च्या पावसाळ्यात या किल्ल्याने जे केले, ते स्वराज्याच्या इतिहासात फार थोड्या किल्ल्यांच्या वाट्याला आले. शाहिस्तेखानाने २१ जून रोजी चाकणला वेढा घातला. किल्लेदार होते फिरंगोजी नरसाळा. त्यांच्याजवळची शिबंदी तीनशे-साडेतीनशेच्या आसपास सांगितली जाते, समोर औरंगजेबाच्या मामाची प्रचंड फौज. त्याच वेळी शिवछत्रपती पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकलेले होते. जुलैच्या मध्यावर ते निसटले आणि बाजीप्रभूंनी घोडखिंड आपल्या रक्ताने पावन केली. म्हणजे पावनखिंडीचा तो प्रसंग घडत असताना इकडे चाकणचा तट भर पावसात तोफा झेलत उभाच होता. बाहेरून मदत येण्याची आशा नव्हती. तरी हा सपाटीवरचा किल्ला पन्नासहून अधिक दिवस झुंजला.

अखेरीस मोगलांनी ईशान्येच्या बुरुजाखाली भुयार खणून सुरुंग पेरला. १४ ऑगस्टच्या दुपारी तो उडाला, बुरूज आणि त्यावरील वीर आकाशात उधळले गेले. खिंडाराकडे धावलेल्या मोगलांना पुढे काय दिसले? ढासळलेल्या बुरुजामागे मराठ्यांनी मातीचा उंच बांध आधीच रचून ठेवला होता. त्या बांधाने हल्ला रोखला आणि शत्रूला ती रात्र उघड्यावर काढावी लागली. दुसऱ्या दिवशी मात्र किल्ल्याचा निरुपाय झाला. राव भावसिंह हाडा यांच्या मध्यस्थीने तो खाली करून देण्यात आला. मोगलांकडील नोंद २६८ ठार आणि ६०० जखमी अशी आहे. खानाने देऊ केलेली बादशाही चाकरी फिरंगोजींनी नाकारली आणि ते महाराजांकडे परतले. पुढे भूपाळगडाची किल्लेदारी त्यांच्याकडे आली. मोगल दप्तरात चाकणचे नाव ‘इस्लामाबाद’ झाले. ते नाव विरून गेले, चाकण उरले.

असा प्रसंग दाराशी घडलेला असताना दिवाळीच्या किल्ल्यांत चाकण जवळजवळ दिसत नाही, याची कारणे दोन आहेत. भुईकोटाला उंची नसते, त्यामुळे तो डोळ्यांत भरत नाही, हे एक. दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे. चाकण पडले, आणि पडलेला किल्ला अंगणात मांडणे समाजाला रुचत नाही. विजयाच्या क्षणांची आरास करावी, पराभवाचा उच्चार टाळावा, ही सवय श्रद्धेतून आलेली असली तरी ती अंतिमतः श्रद्धेला दुबळे करते. पराक्रमाचे मोल केवळ निकालाने ठरत असते, तर बाजीप्रभूंची पूजाही करता आली नसती. पन्नासहून अधिक दिवसांचा प्रतिकार, उडालेल्या बुरुजामागचा तो बांध आणि नाकारलेली चाकरी या तीन गोष्टी ज्या मुलाने मातीत घडवल्या, त्याला स्वराज्य कशातून उभे राहिले हे वेगळे सांगावे लागणार नाही.

प्रमाणाचा हिशेब

या औद्योगिक पट्ट्यात ‘प्रमाण’ हा शब्द कोणाला नव्याने शिकवण्याची आवश्यकता नाही. येथला टूलरूममधील कारागीर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब ठेवतो. आरेखनाशी न जुळणारा सुटा भाग तपासणीच्या टेबलावरून परत जातो. तोच कारागीर संध्याकाळी घरी आल्यावर बुरुजाएवढ्या उंचीचा मावळा पाहून कौतुकाने मान डोलावतो. मुलाने केले आहे, गोड मानून घ्यावे, ही भावना समजण्यासारखी आहे. परंतु वडिलांच्या हातातील विद्या मुलाच्या खेळात उतरण्याची ही सोन्यासारखी संधी वाया जाते.

हिशेब अवघड नाही. बाजारातील मातीचा मावळा चार इंचांचा असतो. साडेपाच फुटी माणसाशी त्याचे प्रमाण साधारण एकास साडेसोळा पडते. या प्रमाणात चाकणचा खंदक पावणेदोन फुटांहून किंचित खोल खणावा लागेल. सोसायटीच्या फरशीवर ते होणे नाही. जगभरचे सैनिकी प्रतिकृती घडविणारे जी प्रमाणे वापरतात, त्यांत एकास बहात्तर हे एक रूढ प्रमाण आहे. त्यानुसार मावळा इंचाहून थोडा कमी, खंदक पाच इंच खोल आणि अडीच इंच रुंद. एवढा मावळा शाडूने घरीच करता येतो. आणि मग प्रथमच मुलाच्या ध्यानात येते की, त्या खंदकापुढे माणूस किती लहान होता आणि तो ओलांडणे म्हणजे काय होते.

प्रतिकृती ही पोरखेळाची वस्तू आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी युरोपकडे पाहावे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या काळात, १६६८ मध्ये, म्हणजे शिवराज्याभिषेकाच्या ६ वर्षे आधी, सीमेवरील किल्ल्यांच्या लाकडी प्रतिकृती करण्याचा उपक्रम सुरू झाला. त्यांतील बहुतेक एकास सहाशे या प्रमाणात आहेत. युद्धाची आखणी त्यांच्यावरून होत असे. आज त्या पॅरिसमध्ये जतन केलेल्या आहेत. भारतीय सेनेतही मोहिमेपूर्वी जमिनीवर वाळूची प्रतिकृती मांडून जवानांना भूभाग समजावून देण्याची पद्धत आहे. अंगणातला किल्ला हे त्याच विद्येचे बालरूप होय.

दुसरे उदाहरण इंग्लंडचे. विल्यम सिबोर्न या सैनिकी अधिकाऱ्याने १८३० पासून वॉटर्लूच्या रणभूमीची प्रतिकृती करण्यास घेतली. त्यासाठी तो महिनोन्‌महिने त्या रणभूमीवर राहिला, लढाईतील अधिकाऱ्यांना पत्रे पाठवून कोणती तुकडी कोठे होती हे विचारत राहिला. सत्तर हजारांहून अधिक चिमुकल्या आकृत्यांची ती प्रतिकृती १८३८ मध्ये लंडनमध्ये प्रदर्शित झाली आणि वाद पेटला. विजयात प्रशियाच्या सैन्याचा वाटा तिच्यात मोठा दिसत होता आणि ते ड्यूक ऑफ वेलिंग्टनला मानवले नाही. पुढे सिबोर्नने प्रशियाच्या पुष्कळ आकृत्या काढून टाकल्या. ज्याने एवढ्या कष्टाने सत्य गोळा केले, त्यालाच ते मांडणीतून उचलावे लागले. चिमुकली आकृती कोठे उभी करावी, यावर एका साम्राज्याचा अभिमान अडला होता. मांडणी म्हणजे इतिहासाविषयीचे विधान असते, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

परीक्षकांचे कर्तव्य

येथे जबाबदारी येते ती परीक्षकांवर. मंडळे, शाळा आणि संस्था किल्लास्पर्धा भरवतात, परीक्षणासाठी ज्येष्ठ कार्यकर्त्यांना सन्मानाने बोलावले जाते. बहुतेक ठिकाणी बक्षीस जाते ते रोषणाईला, उंचीला आणि बटण दाबताच उडणाऱ्या कारंज्याला. चूक दाखवली तर मुलांचे मन मोडेल, शिवरायांच्या किल्ल्याला नावे कशी ठेवायची, असा संकोच परीक्षकांना वाटतो. हा संकोच सोडला पाहिजे. महाराजांनी किल्ल्याच्या कामात गबाळेपणा खपवून घेतला नाही. त्यांच्या नावाने होणाऱ्या कामात तो खपवून घेणे ही भक्ती नव्हे.

परीक्षकाने मुलांना चार प्रश्न विचारावेत. हा किल्ला कोणता, आणि तो तुम्ही पाहिला आहे का? दरवाजा कोणत्या दिशेला आहे, आणि तो तेथेच का? किल्ल्यावर पाणी कोठून येते? येथे कोणता दिवस दाखवला आहे? चाकण करणाऱ्याने दाखवलेला दिवस ऑगस्टचा असेल, तर जमीन चिखलाची हवी आणि मोर्चांत पाणी साचलेले हवे. हाच नियम प्लास्टिकच्या किटमधून रणगाडे जोडणाऱ्या तरुणांनाही लागू आहे. १९६५ च्या असल उत्तर येथील पॅटन रणगाडे कोणी कोरड्या वाळवंटात मांडले, तर रंगकाम कितीही सुबक असो, ती लढाई खोटी ठरते. पंजाबच्या त्या शेतांत पाणी सोडलेले होते, चिखलात पॅटन रुतले होते आणि पिकांच्या आडून अब्दुल हमीद यांच्या जीपवरील तोफेने त्यांचा वेध घेतला होता. चिखल आणि पीक वगळले, तर विजयाचे कारणच वगळले जाते.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांतील ११ महाराष्ट्रातील आणि जिंजी तामिळनाडूतील. प्रत्येक मराठी माणसाची मान त्या दिवशी उंचावली. त्या सूचीत चाकण नाही. सूचीबाहेर राहिलेल्या किल्ल्यांची स्मृती सांभाळण्याचे काम शेवटी समाजालाच करायचे आहे, आणि त्याची सुरुवात दिवाळीपूर्वीच्या एका रविवारी होऊ शकते. वडिलांनी मुलांना चाकणला न्यावे, सोबत मोजपट्टी आणि वही असावी. तटाची लांबी पावलांनी मोजावी, ईशान्येचा कोपरा कोणता हे होकायंत्रावर पाहावे, उरलेल्या खंदकाच्या काठावर उभे राहून १६६० चा पाऊस मनात आणावा. घरी परतल्यावर कागदावर आराखडा काढावा आणि मगच मातीला हात घालावा.

आणि तो ईशान्य बुरूज ढासळलेलाच ठेवावा. त्याच्यामागे मातीचा एक बांध घालावा. फिरंगोजींच्या माणसांनी तो बांध ऐन पावसात, तोफांच्या माऱ्याखाली, मुठीमुठीने रचला होता. येत्या दिवाळीत चिंचवड-चाकणच्या मुलांच्या हातून तो पुन्हा रचला गेला, तर त्या वीरांचे ऋण थोडे तरी फिटेल.